गोत्राचा रकाना

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात एक मुलगा गुरूकडे शिकायला जाण्याआधी आईला विचारतो, माझे गोत्र कोणते? आई सांगते की तरुणपणी घरोघरी राबत असताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही; माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा तू स्वतःला सत्यकाम जाबाल म्हण. पुढे हारिद्रुमत गौतम त्याला नेमका तोच प्रश्न विचारतात आणि मुलगा आईचे म्हणणे काहीही न लपवता, काहीही न जोडता त्यांच्यापुढे ठेवतो. विचारलेल्या प्रश्नाला एका ठरावीक आकाराचे उत्तर अपेक्षित होते. मिळालेले उत्तर त्या आकारात बसणारे नव्हते. तरी गौतम त्याला परत पाठवत नाहीत. हा प्रसंग आज वारंवार आठवावा असा आहे, कारण बँकेपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत प्रत्येक पडद्यावर हारिद्रुमतांचा प्रश्न एका ओळीच्या रिकाम्या चौकटीच्या रूपाने उभा असतो, आणि उत्तर बसले नाही की चौकट लाल होऊन 'नाव अवैध आहे' असे सांगते. माणसाने स्वतःविषयी दिलेल्या उत्तराला चूक ठरवण्याचा अधिकार प्रश्नाच्या चौकटीला आहे का? माझ्या मते नाही. आणि हा सॉफ्टवेअरच्या सोयी-गैरसोयीचा मुद्दा नसून प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे याचा मुद्दा आहे.

ही चौकट दिसते त्याहून अधिक विचार करून घडवलेली वस्तू आहे. पडद्यावरचे घटक बांधायच्या साधनांपैकी जावाच्या स्विंगमध्ये तिला जेटेक्स्टफील्ड म्हणतात, क्यूटीमध्ये क्यूलाइनएडिट, विंडोजमध्ये साधे एडिट कंट्रोल. वेबवर ती १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या मानकातही 'इनपुट' या नावाने होती. सगळीकडे तिचा धर्म एकच: ओळ एक. दोन ओळींचा मजकूर बाहेरून आणून चिकटवला, तर स्विंग मधल्या ओळतोडीच्या जागी एक मोकळी जागा ठेवते आणि वेबचे मानक ती ओळतोड सरळ काढून टाकायला सांगते. त्यामुळे या चौकटीत एंटर हे अक्षर उरतच नाही. पानभर मजकुराच्या पेटीत एंटर दाबले की पुढची ओळ सुरू होते. इथे दाबले की त्याचा अर्थ 'माझे सांगून झाले' असा होतो आणि प्रोग्राम कामाला लागतो. एकाच कळीने एके ठिकाणी लिहिणे आणि दुसऱ्या ठिकाणी लिहिणे संपवून कृती करणे, हा फरक ज्याने पहिल्यांदा केला असेल त्याने बोलणे आणि करणे यांच्यातली सीमारेषा नीट ओळखली होती. आणखी एक बारकावा. स्विंगमध्ये चौकट तयार करताना किती 'कॉलम' हवेत ते सांगता येते, पण तो आकडा फक्त दिसणारी रुंदी ठरवतो, उत्तराची लांबी नाही. लांबीची मर्यादा घालायची तर ती वेगळी घालावी लागते. क्यूटीमध्ये ती मर्यादा मुळात ३२७६७ अक्षरांची असते. म्हणजे ही साधने घडवणाऱ्यांनी माणसाला बोलायला भरपूर जागा ठेवली होती. ती आक्रसली नंतर, एकेका फॉर्मसाठी लिहिलेल्या नियमांनी.

खाली उघडणाऱ्या यादीत उत्तरे आधीच ठरलेली असतात. तिथे विचारणारा म्हणतो की शक्यता मला माहीत आहेत, तू त्यांतली एक निवड. रिकामी ओळ याच्या अगदी उलट बोलते. तिच्यात विचारणाऱ्याने स्वतःच्या अज्ञानाची कबुली दिलेली असते: मला माहीत नाही, तू सांग. आपल्या परंपरेत जिज्ञासा हा फार मानाचा शब्द आहे आणि त्याचा पाया हीच कबुली आहे. म्हणून रिकामी ओळ देऊन मग 'असे नाव नसते' म्हणणे मला केवळ असभ्य वाटत नाही, तर्कदुष्ट वाटते. माहीत नव्हते म्हणून विचारले. मग उत्तर चूक आहे हे कोणत्या ज्ञानाने कळले?

ते 'ज्ञान' कसे असते याचा एक नमुना मराठीतूनच घेऊ. नावात फक्त अक्षरेच असावीत, असा नियम प्रोग्रामर लिहितो. इंग्रजीपुरते पाहणारा ए ते झेड लिहितो आणि देवनागरी पूर्ण बाहेर राहते. जो थोडा उदार असतो तो युनिकोडमधला 'कोणत्याही लिपीचे अक्षर' हा वर्ग वापरतो आणि जगातल्या सगळ्या भाषांना दार उघडले असे समजतो. पण युनिकोडच्या वर्गीकरणात क, म, ल ही अक्षरे आहेत. वेलांटी, काना, मात्रा, हलन्त हे मात्र 'चिन्ह' या निराळ्या वर्गात आहेत. परिणाम असा की 'कमल' नाव वैध ठरते आणि 'किरण' अवैध. मदन आत जातो, माधव दारात अडतो. युनिकोडचे काही चुकलेले नाही, त्याचे वर्गीकरण आपल्या कामापुरते नीट आहे. चुकले ते 'नाव म्हणजे अक्षरे' हे गृहीतक, जे कोणीही माणसाला विचारून ठरवले नव्हते. लांबीचेही तसेच. 'ज्ञानेश्वर' हा शब्द मराठी माणूस चार अक्षरांचा मोजतो: ज्ञा, ने, श्व, र. वेबच्या मानकातली कमाल लांबीची मर्यादा मात्र संकेतांक मोजते आणि तिच्या हिशेबी तो शब्द दहाचा आहे. अक्षर म्हणजे काय याबद्दल भाषा आणि यंत्र यांचे मत वेगळे आहे, आणि निवाडा यंत्राच्या मताने होतो.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. (न्यायसूत्रांचे कर्तेही गौतमच, पण हारिद्रुमतांहून निराळे, नावावरून माणूस ठरत नाही हे इथेही दिसते.) चौकट जेव्हा एखादे नाव नाकारते, तेव्हा ती कोणत्या प्रमाणाने नाकारते? प्रत्यक्ष नव्हे, तिने माणूस पाहिलेला नाही. ते एक अनुमान असते: हा माणूस आहे, म्हणून याला आडनाव असलेच पाहिजे. धुरावरून अग्नीचे अनुमान टिकते, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी ही व्याप्ती कुठे मोडत नाही. 'जिथे माणूस तिथे आडनाव' ही व्याप्ती मात्र ठायी ठायी मोडते. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष सुकर्णो आणि सुहार्तो एकेका शब्दाच्या नावाने जगले. १९६१ ते १९७१ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस असलेले ब्रह्मदेशाचे ऊ थांट यांच्या नावातला 'ऊ' हा निव्वळ आदरार्थी शब्द होता, नाव एवढेच की थांट. आइसलंडमध्ये बहुतेकांच्या नावापुढे बापाच्या किंवा आईच्या नावावरून झालेला शब्द येतो आणि तो पिढीगणिक बदलतो. तमिळनाडूत बापाच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावून काम भागते. ज्या हेतूला इतके व्यभिचार, म्हणजे अपवाद, आहेत, त्याला नैयायिक हेत्वाभास म्हणतात आणि त्यावर उभारलेला निष्कर्ष सोडून देतात. राहते चौथे प्रमाण, शब्द, म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो तो. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात इथे एक फार मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. आप्तपण कुळावर, भाषेवर किंवा विद्वत्तेवर अवलंबून नाही. त्या विषयापुरते जाणणे आणि खरे सांगण्याची इच्छा एवढेच त्याला पुरते. मग आपल्याला लोक काय म्हणतात या एका विषयात पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस आप्त आहे. त्याच्याहून अधिक जाणणारा त्या विषयात कोणी नाही, फॉर्म तर नाहीच.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. माणूस खोटे सांगतो. आप्ताच्या लक्षणातली दुसरी अट, खरे सांगण्याची इच्छा, प्रत्येकाकडे असते असे कोण म्हणेल? आक्षेप खरा आहे, पण तो चौकटीच्या कामी येत नाही. खोटे नाव सांगणारा सुबक नाव सांगतो: नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे अक्षरी, सगळे मर्यादेत. चौकट त्याला आनंदाने आत घेते. अडतो तो ज्याचे खरे नाव वेगळ्या घडणीचे आहे तो. आकाराची तपासणी खोटेपणाला पकडत नाही, वेगळेपणाला पकडते. खरेखोटे पाहायचे तर त्याचे मार्ग निराळे आहेत, कागदपत्र, साक्ष, ओळख, आणि त्यांना माझा विरोध नाही. उलट, आकारापायी अडलेला प्रामाणिक माणूस शेवटी नाईलाजाने काहीतरी खोटे भरतो, आडनावाच्या जागी नावच पुन्हा लिहितो किंवा एक ठिपका देतो, आणि ज्या व्यवस्थेने सत्याच्या रक्षणासाठी नियम केला तिच्याच दफ्तरात असत्याची नोंद होते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. चौकटीत कोणी नावाऐवजी डेटाबेसला दिलेला हुकूमच लिहिला तर? १९९८ साली फ्रॅक या नियतकालिकात या हल्ल्याची जाहीर चर्चा झाली आणि पुढे त्याला एसक्यूएल इंजेक्शन हे नाव पडले. प्रोग्राम वापरणाऱ्याचा मजकूर उचलून आपल्या आज्ञेच्या वाक्यात जसाच्या तसा जोडतो. मजकुरात एक अपॉस्ट्रॉफी आली की डेटाबेसच्या लेखी मजकूर तिथे संपतो आणि पुढचे शब्द आज्ञा म्हणून वाचले जातात. यावर घाईचा उपाय म्हणजे अपॉस्ट्रॉफीलाच बंदी. ती बंदी भोवते कोणाला? गोव्यातल्या आणि वसईतल्या डिसोझा, डिसिल्वा, डिकुन्हा कुटुंबांना, ज्यांच्या आडनावात रोमन लिपीत पहिल्या 'डी'नंतर ते चिन्ह पिढ्यान्पिढ्या आहे. चोराला अडवायला त्यांच्या नावाचा एक तुकडा काढून घ्यायचा.

या रोगाचे निदान मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांनी, फार पूर्वी, अर्थात दुसऱ्याच संदर्भात, करून ठेवले आहे. लौगाक्षी भास्कराच्या अर्थसंग्रहात वेदवाक्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. विधी म्हणजे अमुक कर असे सांगणारा. नामधेय म्हणजे नुसते नाव. हे दोन वेगळे ठेवण्यासाठी मीमांसकांनी केवढा खल केला आहे. 'उद्भिद्' हा शब्द यज्ञात वापरायचे द्रव्य सांगतो की त्या यज्ञाचे नाव आहे, यावर जैमिनीच्या मीमांसासूत्रांतल्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात विचार आहे आणि निर्णय असा की ते नाव आहे. त्याला द्रव्य मानले तर वाक्याचा अर्थच विस्कटतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे नामधेयाला विधी म्हणून वाचणे. दोष नावाचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. आणि त्यावरचा खरा उपाय नेमका मीमांसकी आहे: आज्ञेचे वाक्य आधी पूर्ण तयार करायचे, त्यात नावासाठी जागा राखायची आणि माणसाचा मजकूर त्या जागेत फक्त मजकूर म्हणून द्यायचा, म्हणजे त्यात काहीही असले तरी ते आज्ञा बनू शकत नाही. असे केले की डिसोझांची अपॉस्ट्रॉफी सुखरूप राहते आणि हल्लेखोराचे वाक्य एक विचित्र नाव होऊन निपचित पडते. सुरक्षा आणि आदर यांचा इथे झगडा नाहीच. झगडा वाटतो तो वर्गीकरणाच्या आळसामुळे.

मग कोणतीच तपासणी नको का? हवी, जिथे उत्तर विचारणाऱ्याच्याच बाजूने आलेले आहे तिथे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. तो सहा आकड्यांचा असतो हे टपाल खात्याने ठरवले आहे, आणि पाच आकडे भरले तर ते अपुरे आहेत असे सांगणे हे ज्ञानच आहे, कारण त्या संकेताचा कर्ता व्यवस्थाच आहे. नावाचा कर्ता ती नाही. एवढा एक विवेक पाळला तरी पुष्कळ साधेल. आणि जिथे तपासायचे तिथेही कसे तपासावे याचा एक सुरेख धडा क्यूटीच्या रचनेत आहे. तिथला व्हॅलिडेटर उत्तराच्या दोन नव्हे, तीन अवस्था मानतो: ग्राह्य, अग्राह्य आणि मधली. शंभर ते नऊशे नव्व्याण्णव यांमधली संख्या हवी असताना एखाद्याने नुसता चार लिहिला, तर ते ग्राह्य नाही, पण अग्राह्यही नाही. ते अजून वाटेवर आहे. म्हणून ते लिहू दिले जाते, फक्त एंटर दाबल्यावर स्वीकारले जात नाही. अर्धवट बोलणे आणि चुकीचे बोलणे यांतला हा भेद यंत्राला शिकवणाऱ्याने माणसाच्या विचाराची गती जवळून पाहिली असली पाहिजे. याउलट स्विंगच्या इनपुट व्हेरिफायरला कर्सर चौकटीतून बाहेरच न जाऊ देण्याची मुभा आहे. माणूस अडतो, मागे जाता येत नाही, पुढेही नाही. एकच काम, पण पहिल्यात थांबून ऐकणे आहे, दुसऱ्यात कोंडून विचारणे.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञानाच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत खोल आहे. नावाचे एवढे कौतुक कशाला? मिलिंदपञ्हात ग्रीक राजा मिलिंद नाव विचारतो, तेव्हा बौद्ध भिक्षू नागसेन म्हणतात की मला नागसेन म्हणतात खरे, पण तो केवळ व्यवहारातला शब्द आहे, त्यामागे शोधून कोणी सापडत नाही. जसा चाक, आस, दांडी यांपलीकडे रथ सापडत नाही. छांदोग्याच्याच सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला घडा आणि माती यांच्या दाखल्याने सांगतो की विकार हे नावापुरते, खरी ती माती. नाव इतके हलके असेल तर आडनावाच्या रकान्यात ठिपका टाकावा लागला म्हणून बिघडले काय? माझे उत्तर असे की नाव हा व्यवहार आहे म्हणूनच बिघडते. नावामागे एखादे अढळ तत्त्व असते तर ते फॉर्मने नाकारूनही अढळ राहिले असते. तसे काही नाही. नाव जगते ते त्याने हाक मारणाऱ्यांच्या आणि त्याला ओ देणाऱ्याच्या संमतीवर. ती संमती मोडली की नाव मोडते, त्याच्या आधाराला दुसरे काहीही नसते. नागसेनांनीही राजाला 'मला नाव नाही' असे म्हटलेले नाही. लोक कोणत्या नावाने हाक मारतात ते त्यांनी आधी सांगितले, मग त्याचा विचार केला. नावाच्या पलीकडे जाणे ही साधना स्वतःच्या नावाची असते. ती दुसऱ्याच्या नावावर लादली की तिला हिंसा म्हणावे लागते.

आता सत्यकामाकडे परत जायला हवे, कारण त्याची गोष्ट मी सांगितली तितकी सरळ नाही. गौतम त्याला स्वीकारताना म्हणतात की ब्राह्मणावाचून कोणी असे स्पष्ट सांगणार नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात, शूद्राला वेदाचा अधिकार नाही हे सांगताना, याच प्रसंगाचा आधार घेतला आहे: मुलगा शूद्र नाही असे ठरल्यावरच गौतम पुढे गेले, असा तिथला अर्थ. म्हणजे या वाचनानुसार रकाना रिकामा सोडलाच नव्हता. गुरूने तो अनुमानाने स्वतः भरला. हे वाचन परंपरेत आहे, प्रबळ आहे, आणि त्याने कितीजणांना दारातून परत पाठवले हे झाकून ही गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला या वाचनात आजच्या व्यवस्थेचाच एक दोष आधीच उमटलेला दिसतो. एकाच शब्दाचे नाव असलेल्या भारतीयाला अमेरिकेचा व्हिसा मिळतो, तेव्हा त्याचे ते नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरे छापली जातात, म्हणजे 'पहिले नाव अज्ञात'. अज्ञात काहीच नव्हते. त्याने सगळे सांगितले होते. रकाना रिकामा राहू शकत नाही म्हणून तो दुसऱ्या कोणी भरला, आणि पुढे ती तीन अक्षरेच त्याचे नाव समजून लोक त्याला हाक मारू लागतात. तरीही उपनिषदाचा मूळ मजकूर पाहिला तर गौतमांच्या निर्णयाचे कारण तिथे एकच दिले आहे: मुलगा सत्यापासून ढळला नाही. गोत्र कळले म्हणून नव्हे. वर्णाचे नाव त्या सत्याला मागाहून लावले गेले. टीकाकारांनी नावाला कारण केले आणि कारणाला खूण.

महाराष्ट्रात मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. जबालेचे नाव शेवटी रकान्यात आले, आणि त्याचे मोल मला कमी करायचे नाही. आईचे नाव सांगणाऱ्याला लाज वाटावी असा काळ फार लांबचा नाही. पण सत्यकामाला तर वडिलांच्या रकान्यापाशी येऊन पुन्हा अडावे लागले असते. एक चौकट वाढवल्याने चौकटीचा मूळ दावा बदलत नाही: माणसाच्या नावाचे भाग किती आणि कोणत्या क्रमाने, हे मला आधीच ठाऊक आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या मार्गदर्शनात याहून नम्र सुचवणी आहे, की नावाचे तुकडे खरोखर लागत नसतील तर पूर्ण नावासाठी एकच चौकट द्यावी. अडचणी राहतात हे मान्य. पासपोर्टवर यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी ३९ जागा असतात आणि त्याहून लांब नाव छाटावे लागते. पण ती मर्यादा पासपोर्टची म्हणून सर्वांना माहीत आहे, ती कोणाला तुझे नाव चुकीचे आहे असे सांगत नाही, आणि त्याच पानावर वर नाव वेगळे छापलेलेही असते. जागा अपुरी आहे असे म्हणणे आणि नाव अवैध आहे असे म्हणणे, यांत पहिले वाक्य विचारणाऱ्याबद्दल आहे, दुसरे सांगणाऱ्याबद्दल. पडद्यावर लाल अक्षरांत येणाऱ्या शब्दांपैकी बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात, आणि ते पहिल्या प्रकारचे करायला प्रोग्रामरला एखादी ओळच बदलावी लागेल.

हारिद्रुमतांनी उत्तर ऐकून घेतल्यावर दुसऱ्यांदा गोत्र विचारले नाही. समिधा घेऊन ये, तुझे उपनयन करतो, असे ते म्हणाले, आणि मग चारशे रोड, अशक्त गाई वेगळ्या काढून त्याच्या हवाली केल्या.